सावंतवाडीच्या राजवाड्यात चारचा चहा

ठाण्यात आमची निम्मी सोसायटी सिंधुदुर्गातली, पण सावंतवाडीचा राजवाडा आतून पाहिलेलं कुणी सापडेना. मोती तलावाच्या काठावर फोटो काढायचे आणि थेट गोवा गाठायचा, हीच रीत. आम्ही मुद्दाम गेलो, सासूबाईंना घेऊन.

खरी कसरत तिकिटाची. तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्री 12.05 ला सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघायचं तर आरक्षण शनिवारच्या तारखेचं काढायचं. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. गणपती आणि मे महिना सोडा, नाहीतर वेटिंगच हातात पडतं. सावंतवाडी स्टेशन मळगावात आहे, गावात यायला रिक्षा करावी लागते.

वाड्याच्या एका भागात आता हॉटेल आहे. आम्ही तिथे उतरणार नव्हतो, म्हणून नुसता चहा मिळेल का ते आधीच फोनवर विचारून ठेवलं. "चारपर्यंत या," म्हणाले.

वाडा जांभ्या दगडाचा, सावंतवाडीचे राजे तिसरे खेमसावंत यांच्या काळातला. दरबार हॉलमधल्या तसबिरी, शिकारीच्या खुणा वगैरे मी भराभर पाहिल्या. पाय अडकले ते गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवणाऱ्या बाईंपाशी. हातात एक पत्ता, कुंचल्याला जेमतेम चार केस, आणि मत्स्यावताराचे खवले एकेक करून उमटत होते. दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. दिवसा खेळ मांडला तर उतारी रामाची, रात्री कृष्णाची! ही कला बुडायला आली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना वाड्यातच बसवून ती टिकवली. सत्वशीलादेवी स्वतः शिकून रंगवायच्या.

चहा आला तो किटलीत, दूध-साखर वेगळी. सासूबाईंनी कप न्याहाळला. "दूध, साखर आपणच घालूची, मगे राजवाड्यात येवन फायदो काय?" चहा तसा बेताचाच होता, त्यांचं काही चुकलं नाही. मला मात्र उंच छताखाली निवांत बसायला मिळालं, तेवढ्यानेच पैसे वसूल वाटले.

पूर्ण जोडाची किंमत ऐकून आम्ही सुटे पत्ते घेतले. वेळ उरला तर चितार आळीत लाकडी खेळणी बघा. परतीची कोकणकन्या संध्याकाळी आहे, स्टेशनची रिक्षा आधीच सांगून ठेवा.