तीन मिलिमीटर कमी

सोमवार, रात्र

वायर मापात कापणारं मशीन बनवतेय. त्याला २०० मिलिमीटर सांगितले, १९७ आले. लागोपाठ दहा तुकडे काढले, दहाही १९७. स्टीलची पट्टी बदलून मोजलं, तेच.

वाईट वाटण्यापेक्षा थोडं बरंच वाटलं. दहाही तुकडे सारखेच चुकतायत म्हणजे मशीन वेंधळं नाही, त्याची समजूत चुकलीय. गणित तर सोपं आहे. स्टेपर मोटर (एकेक पायरीने फिरणारी), तिची एक पायरी १.८ अंशांची, म्हणजे एका फेऱ्यात २०० पायऱ्या. मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, एकेका पायरीचे १६ भाग करतो, झाले ३२००. वायर पुढे ढकलणारा रोलर २० मिलिमीटर व्यासाचा, परीघ ६२.८३. म्हणजे एक मिलिमीटर वायर पुढे सरकवायला ५०.९३ पल्स (एका पल्सला मोटर एक भाग फिरते). यात चुकायला जागाच कुठे आहे?

उशीर झाला होता. प्रोग्रॅममध्ये सरळ ३ मिलिमीटर वाढवून टाकले. पुढचा तुकडा बरोबर २०० आला, आणि मी खुशीत झोपायला गेले.

मंगळवार

कालची हुशारी आज अंगाशी आली. ६०० चे तुकडे काढले, आले ५९४. माझे वरचे ३ धरूनही ६ कमी!

काका शेजारच्या टेबलावर नेहमीचं काम करत होते. त्यांची पद्धत जुनी आहे: लाकडी फळीवर दोन खिळे, वायर त्यांच्याभोवती गुंडाळत जायची आणि मग एका खिळ्यापाशी चार-चार पदर धरून कटरने कापायचे. "तुझ्या मशीनलाही दोन खिळे ठोकून दे," म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुमचे वरचे फेरे खालच्यांपेक्षा लांब पडतात, मोजून बघा." त्यांनी मोजले नाहीत. हसले फक्त.

पण त्यांच्याशी भांडतानाच डोक्यात आलं. वरचा फेरा लांब का पडतो? कारण तो बाहेरच्या वर्तुळावरून जातो. मग माझा फेरा नेमका कुठल्या वर्तुळावरून जातोय? रोलरला नर्लिंग आहे, म्हणजे पकडीसाठी कोरलेले बारीक दाते, ते वायरवरच्या पीव्हीसीत रुततात. दात्यांच्या टोकांवर मोजलेला व्यास २०, पण वायरच्या लेखी रोलर त्याहून लहान. १००० चा तुकडा काढला, वरचे ३ काढून टाकून. आला ९८५. हिशेब उलटा फिरवला: ५०.९३ ला १००० ने गुणून ९८५ ने भागलं, ५१.७१ आले. म्हणजे खरा व्यास १९.७०. दाते जेमतेम ०.१५ मिलिमीटर आत जातात, आणि तेवढ्यानेच माझी रात्र खाल्ली.

हे लिहून ठेवते, कारण पुन्हा विसरेन. लांबीच्या प्रमाणात चूक वाढत असेल तर व्यास तपासायचा. प्रत्येक तुकड्याला ठरावीकच कमी पडत असेल तर पात्यापाशी किंवा सुरुवातीच्या बिंदूपाशी बघायचं. आणि मापं कशीही येत असतील तर वायर घसरतेय. सोमवारी मी पहिल्या रोगावर दुसऱ्याचं औषध दिलं होतं.

गुरुवार

आज तिसरा रोग. नवं भरलेलं रीळ लावलं आणि मापं आली १९९, १९६, २००, १८८. मी लगेच दाबाच्या रोलरची स्प्रिंग आवळली. घसरणं कमी झालं, पण वायरवर दात्यांचे व्रण उमटले आणि दाते खोल गेल्याने व्यास पुन्हा बदलला. मंगळवारचं सगळं कॅलिब्रेशन पाण्यात.

हताश होऊन नुसती रिळाकडे बघत बसले. मोटर सुरू होताना रीळ जड असल्यामुळे जागचं हलत नाही, वायर ताणली जाते आणि रोलर जागच्या जागी कुरतडतो. मोटर थांबली की रीळ आपल्याच वेगात थोडं पुढे फिरतं आणि ढिली वायर खाली पडते. पुढच्या तुकड्याला ती ढील आयती मिळते, म्हणून तो बरा येतो. दोष पकडीचा नव्हता, ओढीचा होता. रीळ आणि रोलर यांच्यामध्ये एका हलत्या दांडीवर छोटी पुली बसवली. वायर आता पुलीखालून झोळीसारखी जाते, झटका ती झोळी खाते. मोटरचा वेगही एकदम न चढवता हळूहळू चढवला. स्प्रिंग पुन्हा सैल केली.

खरं दुखणं मात्र तसंच आहे. मोटर किती फिरली ते मशीनला कळतं, वायर किती सरकली ते कळत नाही. दाबाच्या बाजूला नुसतं वायरबरोबर फिरणारं चाक आणि त्यावर फिरणं मोजणारा एन्कोडर, हेच योग्य. पुढच्या आवृत्तीत. (मागच्या आवृत्तीच्या वेळीही हेच लिहिलं होतं.)

शनिवार, रात्र

कापणीचा दिवस. एक चौरस मिलिमीटर मऊ तांबं तोडायला ढोबळमानाने सोळा-वीस किलोंचा जोर लागतो. कटर मिटवणारी माझी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, एक सेंटिमीटरच्या आर्मवर दहा किलो देतो, तोही कागदावर. म्हणून कटरच्या लांब मुठीला क्रँक (सर्व्होचा आर्म आणि त्याला एक दांडी) जोडला. आर्म आणि दांडी एका रेषेत यायला लागतात तसा जोर वाढत जातो, आणि पाती मिटण्याची वेळ तीच ठेवली.

पहिल्याच कटला कच्चकन आवाज आला, वायर तुटली आणि स्क्रीनवर तुकड्यांचा आकडा शून्य. दुसऱ्या कटला परत शून्य. सर्व्होने जोर लावला की व्होल्टेज खाली जातं आणि मशीनचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, बंद पडून नव्याने जन्म घेतो. सर्व्होला वेगळा सप्लाय दिला, दोन्हींचा ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) एकच ठेवला. मग मात्र शंभर तुकडे न अडता पडले.

काकांनी त्या शंभर तुकड्यांची जुडी हातात घेतली, टेबलावर दोनदा उभी ठोकली आणि वरच्या टोकांवरून बोट फिरवलं. मी पट्टी घेऊन उभी होते, पण मापायला त्यांचं बोट पुरलं. एक तुकडा चांगला बोटभर आखूड होता.

"हा?"

तो पहिला होता. वायर घातली तेव्हा तिचं टोक पात्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि मशीनने मोजायला सुरुवात केली होती. आता सुरू करताना वायर थोडी पुढे नेऊन एक कट घेते, ते टोक टाकून देते आणि मग मोजायला लागते. काकांनी तो आखूड तुकडा खिशात टाकला. कशाला, ते विचारायचं राहिलं.