निकालानंतरचं पहिलं पत्रक: काय छापावं, माहिती कुठून घ्यावी, घरोघर कसं पोचवावं

बेळगाव जिल्ह्यातल्या एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात मराठी पत्रव्यवहाराचं काम माझ्याकडे आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीनंतर मतदारांना द्यायचं पहिलं पत्रक तयार करण्याची जबाबदारीही त्यामुळे माझ्याकडे आली. आपल्या भागात निकालानंतर जे छापलं जातं ते बहुतेक आभाराचं असतं: हात जोडलेला फोटो, मोठ्या अक्षरांत ‘ऋणी आहे’ आणि खाली कार्यकर्त्यांच्या नावांची रांग. त्यातून मतदाराच्या हाती काहीच लागत नाही. आम्ही एकच नियम धरला. पत्रकातली प्रत्येक ओळ वाचणाऱ्याला स्वतः तपासता आली पाहिजे: कुठल्या कचेरीत, कुठल्या कागदावर, कुठल्या तारखेला. हा नियम लावला की निम्मा मजकूर गळून पडतो आणि उरलेल्यासाठी बरीच पायपीट करावी लागते. ती कशी करायची ते इथे लिहितो. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत निवडून आलेल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी तारखा. मतदान १० मे, मोजणी १३ मे आणि नव्या सदस्यांच्या शपथेसाठी २२ मेपासून तीन दिवसांचं अधिवेशन. राज्यघटनेच्या कलम १८८ प्रमाणे शपथ घेतल्याशिवाय सभागृहात बसता येत नाही. तसं कुणी बसलं किंवा मत दिलं, तर कलम १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे. म्हणून सभागृहातल्या कामाचा मजकूर शपथेच्या तारखेपासूनच सुरू करावा.

दुसरी बाब निवडणूक खर्चाची. ती पत्रकात हवी, असा माझा आग्रह होता आणि आजही आहे. विधानसभेसाठी उमेदवाराची मर्यादा ४० लाख रुपये आहे. खर्च मोजायचा तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून. इथे बरेच जण फसतात. मोजणीच्या दिवशी निघालेली मिरवणूक, गुलाल, फटाके, वाजंत्री हे सगळं ‘निवडणूक संपली’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवलं जातं, पण तो दिवस हिशेबात येतो. त्यानंतर छापलेलं पत्रक मात्र येत नाही. निकालापासून ३० दिवसांत, म्हणजे या वेळी १२ जूनपर्यंत, हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. दिला नाही आणि त्याला सबळ कारण नसलं, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हिशेबाच्या वहीचे तीन भाग असतात: रोजच्या खर्चाची पांढरी पानं, रोकडीची गुलाबी आणि बँकेची पिवळी. एका व्यक्तीला किंवा दुकानाला १०,००० रुपयांच्या वर रोख देता येत नाही. मंडप आणि जेवणाची बिलं इथेच अडतात, कारण गावातला मंडपवाला किंवा आचारी रोखच मागतो. पत्रकात आम्ही एकूण आकडा, पाच-सहा मोठी शीर्षकं आणि हिशेब सादर केल्याची तारीख छापली. सोबत एक ओळ घातली की आमदारांना दरवर्षी ३० जूनपर्यंत लोकायुक्तांकडे मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं.

मतांचे आकडे फॉर्म २० मधून घ्यावेत. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली, नोटाला किती, हे सगळं असतं. एकूण मतं, मताधिक्य, टक्केवारी छापावी. केंद्रवार आकडे पत्रकात छापू नयेत, असं माझं ठाम मत आहे. फॉर्म २० जाहीर कागद आहे, ज्याला हवा त्याने बघावा. पण आमदारांच्या नावाने आलेल्या कागदावर एखाद्या गावाची ‘तुम्ही एवढीच मतं दिलीत’ अशी नोंद आली, की त्या गावातली माणसं काम मागायला कचेरीची पायरी चढत नाहीत. ज्यांनी मत दिलं नाही त्यांचेही आमदार हेच आहेत. मला फॉर्म २० मधल्या केंद्रांच्या यादीचा उपयोग झाला तो फक्त वाटपासाठी.

आता पत्रकाचा गाभा, म्हणजे विकासकामं. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि सगळ्यात जास्त खोटंही इथेच छापलं जातं, पुष्कळदा नकळत. ‘अमुक गल्लीच्या काँक्रीट रस्त्याला मंजुरी’ असं कार्यकर्ता सांगतो, तेव्हा प्रत्यक्षात आमदारांनी फक्त शिफारसपत्र दिलेलं असतं. स्थानिक विकास निधीतलं काम साधारण असं पुढे सरकतं: शिफारसपत्र जिल्हाधिकारी कार्यालयात जातं, ज्या खात्याकडे काम द्यायचं त्याचे इंजिनिअर जागा पाहून अंदाजपत्रक करतात, मग प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर, काम आणि शेवटी बिल. प्रत्येक पायरीला कागद असतो, कागदाला क्रमांक असतो आणि तारीख असते. आम्ही ‘मंजूर’, ‘प्रगतीपथावर’ असे मोघम शब्द काढून टाकले आणि गावाच्या नावापुढे शेवटचा हाती आलेला कागद लिहिला: ‘अंदाजपत्रक तयार, तारीख अमुक’, ‘वर्क ऑर्डर क्रमांक अमुक’. ज्याचा कागद हाती नाही ते काम यादीत घेतलं नाही, मग सांगणारा कितीही जवळचा असो.

काम अडतं कुठे, तेही छापावं. बहुतेक वेळा जागेपाशी. समुदाय भवनासाठी दिलेली जागा गावाने तोंडी दिलेली असते, उतारा मात्र अजून कुणाच्या तरी आजोबांच्या नावावर असतो. जागा सरकारी किंवा पंचायतीच्या नावे झाल्याशिवाय अंदाजपत्रकाला अर्थ नाही. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात रस्ता वनखात्याच्या हद्दीतून जात असेल, तर वनसंरक्षण कायद्याखालची परवानगी लागते आणि ती तालुक्यात मिळत नाही. हे लिहिलं की गावकरी चुकीच्या माणसाला शिव्या देत नाहीत आणि योग्य कागदाच्या मागे लागतात.

निधीची रक्कमही स्पष्ट सांगावी. कर्नाटकात आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला २ कोटी रुपये असतो. शंभर गावं-वाड्यांचा मतदारसंघ धरला, तर एका गावाच्या वाट्याला वर्षाला दोन लाख येतात. हा भागाकार छापला की ‘आमच्या गावाला दहा लाख कधी?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं आणि बाकीचा पैसा कुठल्या खात्यातून आणायचा यावर बोलणं सुरू होतं. राज्यमार्ग आणि जिल्हा रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, गावजोड रस्ते पंचायतराज इंजिनिअरिंगकडे, गल्लीतली गटार आणि दिवे ग्रामपंचायतीकडे, नळपाणी योजना ग्रामीण पाणीपुरवठा खात्याकडे, विजेचा ट्रान्सफॉर्मर हेस्कॉमकडे, शाळेची खोली आणि शिक्षक बीईओ (तालुका शिक्षणाधिकारी) कार्यालयामार्फत शिक्षण खात्याकडे. या सगळ्या खात्यांचे तालुका अधिकारी केडीपी, म्हणजे विकासकामांच्या आढाव्याच्या, बैठकीत आमदारांसमोर बसतात. तालुक्याच्या या बैठकीचे अध्यक्ष आमदारच असतात. म्हणून आम्ही पुढच्या केडीपीत विचारायचे प्रश्न खातेवार छापले. प्रश्न लोकांसमोर आधीच गेल्याने उत्तर तयार करून आणावं लागतं.

आमदारांच्या हातात काय नाही, हेही त्याच पानावर हवं. चिकोडी, निपाणी, अथणीकडे पहिला प्रश्न उसाचा. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२३-२४ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३१५ रुपये, आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.०७ रुपये जादा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल दिलं नाही, तर वर्षाला १५ टक्के व्याज देणं लागतं. आमदार दर वाढवू शकत नाहीत. थकलेल्या बिलाचा प्रश्न ते सभागृहात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लावून धरू शकतात, आणि तेवढंच वचन छापावं. सीमाप्रश्नाबद्दलही तेच. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर पत्रकात जोरकस घोषणा लिहिण्यापेक्षा भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे कागदावर आहे ते सांगितलेलं लोकांच्या जास्त कामाला येतं: प्राथमिक शाळेत एकूण ४० किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर मातृभाषेतून शिक्षणाची सोय, आणि तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत. या गोष्टी मान्य धोरणात आहेत. अंमलबजावणी मागायची तर शाळेचा पट आणि लोकसंख्येचा आकडा हातात घेऊन मागावी.

राज्य सरकारच्या हमी योजनांना आम्ही एक अख्खं पान दिलं, कारण कचेरीत येणाऱ्या दहा माणसांतली निम्मी त्याच कामाची होती. गृहज्योतीत २०० युनिटपर्यंत वीजबिल माफ, पण २०२३ च्या मूळ नियमाप्रमाणे तुमची मर्यादा म्हणजे २०२२-२३ ची मासिक सरासरी अधिक दहा टक्के. त्या वर्षी घर बंद होतं त्यांची मर्यादा त्यामुळे फारच कमी दिसते. महिन्याला २०० च्या वर गेलं, तर पूर्ण बिल भरावं लागतं. गृहलक्ष्मीचे २,००० रुपये रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे त्या बाईला मिळतात. ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटीचं रिटर्न भरत असेल तर नाही. सीमाभागाची खास अडचण पुढे आहे. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून लग्न होऊन आलेल्या सुनांचं आधार महाराष्ट्रातल्या पत्त्याचं आणि माहेरच्या आडनावाचं असतं, रेशनकार्डात नाव कन्नडवरून इंग्रजीत उतरलेलं असतं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. तिन्ही जुळली नाहीत की पैसे अडतात. क्रम असा ठेवावा: आधी आधारवरचं नाव आणि पत्ता दुरुस्त, मग त्याप्रमाणे रेशनकार्ड, शेवटी बँकेत जाऊन आधार जोडणी. उलट्या क्रमाने गेलं की तीच दुरुस्ती दोनदा करावी लागते.

अर्ज कसा करावा याचा चौकोन शेवटच्या पानावर टाकला. कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. काउंटरवर घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठवावं आणि पावती जपावी. सकाल कायद्यातल्या (ठरलेल्या मुदतीत द्यायच्या सरकारी) सेवांसाठी १५ आकडी जीएससी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंदणी क्रमांक, मागून घ्यावा. मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम किरकोळ आहे, पण क्रमांक असला की फाइल ‘सापडत नाही’ असं म्हणता येत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सात विषयांचा लांबलचक अर्ज याच कारणाने परत येतो.

भाषेबाबत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत काढलं, आणि दोन्हींत तोच मजकूर, त्याच क्रमाने. मराठी वाचकाला एक आणि कन्नड वाचकाला दुसरं सांगणं आपल्याकडे अनेकांना सोपं वाटतं. पण एकाच गल्लीत दोन्ही भाषांची घरं आहेत आणि शाळेत जाणारी मुलं दोन्ही लिपी वाचतात. फरक एका संध्याकाळीत उघडा पडतो. सभागृहातलं भाषण आणि प्रश्नोत्तरं कन्नडमध्ये असतात, त्यांचा मराठी सारांश तारखेसह दिला. पहाणी (जमिनीचा उतारा), नाडकचेरी (महसूल खात्याची स्थानिक कचेरी), पीडीओ (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) हे कचेरीतले शब्द मराठी पानावरही तसेच ठेवले, म्हणजे काउंटरवर विचारताना अडत नाही.

छपाईत धोका टाइपचा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, प्रेसकडे श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी, ही टायपिंगची वेगवेगळी सॉफ्टवेअर. रूपांतर करताना रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि कधी कधी आकडेही बिघडतात. ‘दुसऱ्या’ बिघडला तर वाचक समजून घेतो, पण ३,०७ आणि ३.०७ मधला फरक घातक आहे. म्हणून स्क्रीनवर नाही, कागदावर प्रूफ काढावं, आणि आकडे एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने प्रूफवर तपासावेत. ए-थ्री कागद मधे दुमडून चार पानं, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, घरातली म्हातारी माणसंच हे नीट वाचतात. खाली प्रेसचं नाव, प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या छापावी.

प्रतींचा अंदाज मतदार यादीच्या भागावरून: मतदार भागिले तीन म्हणजे साधारण घरं, वर दहा टक्के. शहरात पेपरबरोबर पत्रक घरात जातं. खेड्यात दूध डेअरी, पीकेपीएस (गावची शेती पतसंस्था) आणि युवक मंडळ हे तीन खरे मार्ग. मृगाच्या पेरणीत आणि पुढे भाताच्या नट्टीत (लावणीत) वाटप करू नये, दिवसभर घरात कुणी नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफपेक्षा चार पानांचे चार वेगळे फोटो जास्त उघडले जातात. मध्येच स्थानिक निवडणुकीची आचारसंहिता लागली तर वाटप थांबवावं.

शेवटच्या पानाची खालची पट्टी कापून परत द्यायची ठेवली: नाव, गाव, विषय, सर्व्हे नंबर असल्यास तो, आधी अर्ज केला असल्यास त्याची तारीख आणि क्रमांक. आलेली प्रत्येक पट्टी वहीत खातेवार चढवायची आणि ती यादी केडीपीच्या आधी तालुका पंचायतीच्या ईओंकडे (कार्यकारी अधिकाऱ्यांकडे) द्यायची. ज्या पट्टीवर आधीच्या अर्जाचा क्रमांक असतो तिचा निकाल बैठकीतच लागण्याची शक्यता असते. नुसतं ‘रस्ता करा’ असं लिहिलेल्या पट्टीसाठी त्या गावात फोन करून रस्ता कुठून कुठपर्यंत, कुणाच्या ताब्यात, हे विचारून घ्यावं लागतं. पुढच्या अंकाची पहिली दोन पानं या वहीतूनच भरतात: गाव, मागणी, मिळालेलं उत्तर, आणि उत्तर आलं नसेल तर कुठल्या खात्याकडे किती तारखेपासून प्रलंबित आहे ते.