आजीची करटी आणि तीन तासांचा दोदोल

आमच्या घरात सलग 9 नाताळ दोदोलाशिवाय गेले. दोदोल म्हणजे गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध आटवून केलेली नाताळची काळी, मऊ वडी. आजी गेली त्या वर्षी कुणालाच काही करायचं मन नव्हतं. पुढच्या वर्षी आईचा खांदा दुखत होता, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही बेकरीतून डबा आणला, आणि मग तीच सवय पडली. नेवऱ्या आणि कुलकुल आई करत राहिली, पण दोदोल बाहेरचा. दिसायला काळा, तुकडे अगदी सारखे कापलेले, चव मात्र नुसती गोड. माझ्या मुलीने गेल्या वर्षी विचारलं, "हे एवढं खास काय आहे?" तिने आजीचा दोदोल खाल्लेलाच नव्हता. तिला तो चाखवायचा, एवढंच तेव्हा मनात धरलं.

आम्ही सावंतवाडीचे ख्रिस्ती. घरात कोकणी आणि मालवणी दोन्ही चालतात, शाळा मराठीत झाली, आणि नाताळचं कुस्वार गोव्यातल्या घरांसारखंच. पोर्तुगीजांचा 'कोंसोआदा' हा नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाचा शब्द, त्याचंच आपल्या बोलीत कुस्वार झालं. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, शेजारीपाजारी पाठवायच्या गोड पदार्थांचं तबक. गणपतीत ज्या घरांतून नेवऱ्या येतात, दिवाळीत ज्यांच्याकडून चकल्या येतात, त्या घरी 25 तारखेला क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं तबक जायचं. रिकामं कधी परत यायचं नाही, निदान मूठभर साखर तरी त्यात असायची.

आजीची कृती आईच्या हस्ताक्षरात एका वहीत सापडली. पूर्ण देते: "गूळ 2 ढेपी. पीठ 3 करट्या. नारळ 7. काजू. मीठ. तेल सुटेस्तोवर." बस्स.

करटी म्हणजे नारळाची करवंटी हे मला ठाऊक होतं. पण कुठल्या नारळाची, केवढी? ठाण्याच्या घरी मी अंदाजाने 3 वाट्या पीठ घेतलं, दुकानातला साधा उसाचा गूळ घेतला, नारळाचं दूध खोक्यातलं आणलं आणि नॉनस्टिक कढईत ढवळायला लागले. दीड तासाने जे हाती आलं त्याला दोदोल म्हणवेना. रंग फिका तपकिरी, चव काकवीसारखी, आणि तेल सुटायचं नाव नाही. गार झाल्यावर सुरीला चिकटून येत होतं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "गूळ खंयचो घेतलंस?" मी सांगितलं. पलीकडे ती नुसती गप्प राहिली.

दोदोलाला माडाचाच गूळ लागतो. माडाची सूर, म्हणजे त्याच्या पोयीतून झरणारा गोड रस, उतरवून, ती आंबायच्या आत आटवून केलेला. सूर आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. आमच्या लहानपणी रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढायचा. सकाळ-संध्याकाळ सूर काढायला आणि दुपारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासायला. आता ते काम करणारी माणसं कमी झाली आहेत आणि त्यांची मुलं त्यात नाहीत. म्हणून हा गूळ मिळतो कमी, आणि मिळाला तरी त्यात साखर किंवा उसाचा गूळ मिसळलेला असू शकतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रजा टाकून मी गावी गेले आणि शुक्रवारी आईला घेऊन म्हापशाच्या बाजारात. गुळाच्या ओळीत पिरॅमिडसारख्या काळ्या ढेपी मांडलेल्या होत्या. आईने एक उचलली, नाकाजवळ धरली, नखाने कोपरा मोडला आणि जिभेवर ठेवला. खरा माडाचा गूळ आधी किंचित खारट लागतो, मग धुरकट, आणि गोडी सगळ्यांत शेवटी येते. तीन ठिकाणी तिने नुसती मान हलवली. चौथ्या बाईकडे थांबली. तिथून 1 किलो घेतला.

करटीचा उलगडा घरीच झाला. तांदळाच्या पिंपात तळाशी हात घातला तर हाताला लागली. आजीची करटी. बाहेरून घासून घासून गुळगुळीत झालेली, काठावर एक बारीक खाच. त्या खाचेपर्यंत भरायचं, आईने सांगितलं, काठोकाठ नाही. मी पीठ भरलं आणि वजनकाट्यावर तोललं. 140 ग्रॅम. तीनदा तोललं, 5 ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला नाही. म्हणजे सगळं मिळून 420 ग्रॅम. किलोभर गुळाला 420 ग्रॅम पीठ. ठाण्यात मी याच्या दीडपट पीठ घातलं होतं, तेव्हाच तो गोळा इतका घट्ट आणि चिकट झाला होता. ती करटी हातात धरून मी बराच वेळ पिंपाशीच बसून होते.

पीठही विकतचं चालत नाही असं माझं आता ठाम मत आहे. उकडा तांदूळ नको, सुरय म्हणजे न उकडलेला हवा. धुवून, दोन तास भिजवून, सावलीत कापडावर पसरून, पुरता सुकायच्या आत दळायचा. पीठ चिमटीत धरलं तर किंचित ओलसर लागलं पाहिजे.

मग कायल, म्हणजे मोठी पसरट कढई. आजीची तांब्याची कायल माळ्यावर होती, पण आतली कल्हई ठिकठिकाणी गेलेली. तांबं उघडं पडलेल्या भांड्यात असं काही शिजवायचं नाही, हे आईने मला चौथीत असल्यापासून सांगितलं आहे. कल्हईवाले आता दारावर येत नाहीत. एका भांडेवाल्याने कुडाळमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता दिला. त्याने माझ्यासमोर कायल तापवली, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका फिरवणीत आतली बाजू चांदीसारखी केली. नवसागराचा तो नाकात झोंबणारा वास मी तीस वर्षांनी घेतला. उलथण्याचा दांडा मोडका होता, तो सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एकाकडून नवा बसवून घेतला.

23 तारखेला पहाटे नारळ. 7 नारळ आडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर, खवायला मला दीड तास लागला. आईला चाळीस मिनिटं लागायची म्हणे. खोवलेलं खोबरं थोड्या कोमट पाण्यात वाटून पिळलं की पहिला रस निघतो, दाट, तो वेगळा ठेवायचा. तेच खोबरं पुन्हा दोनदा पाणी घालून वाटायचं, तो पातळ रस. दाट साधारण लिटरभर निघाला, पातळ दोन लिटरच्या वर. इथेच माझी दुसरी चूक कळली. खोक्यातल्या दुधात हा भेद नसतो. आधी पातळ रसात पीठ पुरतं शिजायला हवं, दाट रस मागाहून थोडा थोडा घालायचा, कारण तेल सुटतं ते त्यातूनच.

गूळ पातळ रसात विरघळवून मलमलच्या कापडातून गाळला. कापडावर काय काय राहिलं बघा: वाळूचे कण, काड्या, एक लहानशी मुंगी. न गाळता कुणी करू नये.

मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. सरपण म्हणून सोडणं, म्हणजे नारळाच्या सुकलेल्या शेंड्या, आणि करट्या. 11 वाजून 20 मिनिटांनी कायल चढली. आई खुर्ची टाकून शेजारी बसली, तिचा खांदा अजून बरा नाही. ढवळायला मी, माझा भाऊ आणि माझी मुलगी.

पहिला अर्धा तास काहीच होत नाही असं वाटतं. मातकट रंगाचं पाणी नुसतं फिरत असतं. मग अचानक तळाशी जड लागायला लागतं, आणि तिथून पुढे क्षणभरही हात थांबवता येत नाही. माझ्या मुलीने मोबाईल वाजला म्हणून उलथणं सोडलं तेवढ्यात आई ओरडली, "हात थांबवू नको गो बाये, खाली करपात!" साधारण तासाभराने ते फदफदायला लागतं आणि थेंब हातावर उडतात. साखरेच्या पाकासारखा चटका बसतो. भावाने मनगटाला जुना टॉवेल गुंडाळला. दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावल्या. दाट रस वाटीवाटीने आत गेला, दर वेळी सगळं सैल व्हायचं आणि पुन्हा आळायचं.

हे तीन माणसांचं काम आहे, हे मला तेव्हा खांद्यात कळलं. लहानपणी दोदोलाच्या दिवशी शेजारची सुमनकाकू, आमची मावशी, वरच्या घरातला दादा असे सगळे अंगणात का असायचे, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी समजायचे की ते गप्पा मारायला यायचे.

पावणेदोनच्या सुमाराला रंग काळ्याकडे झुकला. मीठ आणि काजूचे तुकडे घातले. दोन वाजून गेल्यावर कडेला एक चकचकीत रेघ दिसली. तेल. ती रेघ रुंद होत गेली, मग सगळा गोळा कायलीची बाजू सोडून उलथण्याबरोबर एकत्र फिरायला लागला, काळा कुळकुळीत, आरशासारखा. आईने चमचाभर बशीत काढला, गार होऊ दिला, बोटाने दाबला. बोटाला चिकटला नाही. "काड," ती म्हणाली. 2 वाजून 25 मिनिटं. कडेचं जादा तेल वाटीत काढलं आणि दोदोल तेल लावलेल्या ताटात थापला.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मागे मलाक्काहून दोदोलाचं पाकीट आणलं होतं. मलेशियात, इंडोनेशियात, श्रीलंकेतही हा पदार्थ याच नावाने आहे, तांदूळ, नारळ आणि ताडामाडाचा गूळ हेच जिन्नस. अल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1511 मध्ये मलाक्का. त्या वाटेने दोदोल आपल्याकडे आला असेल असं मला वाटतं, पण त्या तीन तासांत माझ्या डोळ्यांसमोर फक्त आमचं अंगण होतं.

24 ला मध्यरात्रीच्या मिसेहून आल्यावर ताट कापलं. मुलीने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि काही न बोलता दुसरा उचलला. आईने तुकडा बराच वेळ तोंडात धरला. "धूर लागलो हा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. चुलीचा तो धुरकट वास गॅसवर येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रोशाचा रुमाल पेटीतून काढला, तबक भरलं आणि मी स्वतः सुमनकाकूंकडे घेऊन गेले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. दारातच त्यांनी रुमाल उचलून पाहिलं, म्हणाल्या, "दोदोल? कोणी केलो?" मी म्हटलं, "आम्हीच." त्यांनी खाल्ला, हळूहळू, दात नाहीत म्हणून चघळत.

"बरो झालो," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आजयेच्या दोदोलात मीठ वायच जास्त आसायचा."

घरी आले, तबकातली साखर डब्यात ओतली आणि वही उघडली. 'मीठ' या शब्दापुढे लिहिलं: सपाट दीड चमचा. खाली करटीचं वजन, नारळाचे दोन रस, आणि ढवळायला माणसं 3.