किसमुरीतले कूट

मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेतून एक कागद घरी आला. वर्गातल्या प्रत्येक मुलाने आपल्या घरचा एक पदार्थ आणायचा होता आणि सोबत पदार्थाचे नाव, देशाचे नाव आणि साहित्य लिहून द्यायचे होते. खाली 14 चौकटी होत्या. युरोपीय संघाच्या नियमानुसार ज्या 14 घटकांची ॲलर्जीच्या कारणाने आगाऊ सूचना द्यावी लागते, त्यांची ती यादी. मी माशांच्या चौकटीत खूण केली, शेंगदाण्यांच्या चौकटीत केली आणि 'देश' या एका ओळीच्या रकान्यापाशी येऊन अडले. तो रिकामा ठेवूनच कागद परत पाठवला. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. रकान्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मासे चालतील, शेंगदाणे मात्र चालणार नाहीत, वर्गातल्या एका मुलाला त्यांचा त्रास होतो, एवढे त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले. नियम योग्य आहे आणि त्यात वाद घालण्याजोगे काही नाही, हे मला कळत होते. तरीही फोन ठेवल्यावर मला भयंकर राग आला. त्या रागाचेच नवल वाटून हे लिहायला बसले आहे, कारण अकरा वर्षांपूर्वी त्याच शेंगदाण्यांना विरोध करणारी आमच्या घरात मी एकटी होते.

पदार्थ आहे बाकल्यावची किसमूर. किसमूर म्हणजे काय, हे वेंगुर्ल्यापासून काणकोणापर्यंत कुणालाही सांगावे लागत नाही. इतरांसाठी एवढेच सांगते की भाजलेले सुकट किंवा सुका बांगडा, ओला नारळ, बारीक चिरलेला कांदा, तिखट आणि आमसूल हाताने कालवले की ती होते आणि पेजेबरोबर किंवा वरणभाताबरोबर खातात. बाकल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, पोर्तुगालचा जीव की प्राण.

लिस्बनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला रुआ दु आर्सेनाल या रस्त्यावर नेले. तिथली बाकल्यावची दुकाने जुनी आहेत आणि दुकान दिसण्याआधी त्याचा वास येतो. आत फळ्यांसारखे ताठ, मिठाने पांढरे पडलेले मासे एकावर एक रचून ठेवले होते. उंची कोट घातलेली एक वयस्क बाई बोटाने जाडी दाखवून मधला तुकडा मागत होती आणि दुकानदार यंत्राच्या करवतीने तो कापून देत होता. कुणी नाकाला रुमाल लावला नव्हता. मला पुण्यातला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आठवला. सुकट भाजण्याआधी आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायची आणि नंतर उदबत्ती लावायची. तरी एकदा सोसायटीच्या फलकावर 'काही सभासदांना उद्देशून' एक सूचना लागली होती आणि ते काही सभासद म्हणजे कोण, हे साऱ्या जिन्याला ठाऊक होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते म्हणून आजी वैशाखातच आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करायची, आणि तिने वेंगुर्ल्याहून पाठवलेले ते डबे आम्ही चोरीचा माल लपवावा तसे माळ्यावर ठेवायचो. इथे मात्र सुकी मासळी हे साऱ्या देशाचे सणाचे जेवण आहे. नाताळच्या आदल्या रात्री, ज्या जेवणाला कोंसुआदा म्हणतात त्यात, घरोघर उकडलेला बाकल्याव, बटाटे, कोबीच्या जातीची पाने आणि अंडी ऑलिव्हच्या तेलात न्हाऊन पानावर येतात. विशेष म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. शतकानुशतके ते तो न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन पकडून आणत, आता तो मुख्यतः नॉर्वे आणि आइसलँडकडून येतो. तरीही तो परका आहे, असे म्हणण्याची इथे कुणाची टाप नाही.

हे वाचून पुण्यातल्या शेजाऱ्यांवर माझा राग आहे, असे वाटेल. थोडा आहेच. पण इथल्या आमच्या इमारतीत मी पहिल्यांदा हिंगाची फोडणी दिली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी खाली येऊन गॅस गळतो आहे का, अशी काळजीने चौकशी करून गेल्या होत्या, हेही नोंदवून ठेवते.

आता सासूबाईंविषयी. मी त्यांना माई म्हणते. पोर्तुगीजमधला आईसाठीचा शब्द कानाला जवळजवळ तसाच लागतो, त्यामुळे मी पोर्तुगीज बोलते आहे, असे त्यांना वाटते आणि मी मराठीच बोलत असते. त्यांच्या वडिलांचे घर मडगावचे. आजोबा नोकरीसाठी मोझांबिकला गेले आणि माईंचा जन्म लोरेंसो मार्किशचा, म्हणजे आजच्या मापुतोचा. जून 1975 मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर आफ्रिकेतल्या वसाहतींमधून लाखो लोक पोर्तुगालला आले, त्यांच्यात हे कुटुंबही होते. या लोकांना इथे 'परतलेले' म्हणत. माईंनी तोवर पोर्तुगाल पाहिलाही नव्हता, मग त्या परतल्या कुठून, हा प्रश्न त्या आजही विचारतात. गोवा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. त्यांची कोंकणी स्वयंपाकघरापुरती उरली आहे: नुस्ते, सुंगटे, आंबट, तिखट. मला त्या 'बाय' म्हणून हाक मारतात. सासरे अलेंतेजूचे, लिस्बनच्या आग्नेयेकडच्या कोरड्या, गव्हाच्या आणि बुचाच्या झाडांच्या प्रदेशातले. शिळा पाव, लसूण, मूठभर कोथिंबीर, ऑलिव्हचे तेल आणि उकळते पाणी यांची असोर्दा केली की जगात आणखी काही लागत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे.

2014 च्या नाताळात मी या घरातली पहिली किसमूर केली. 25 डिसेंबरला आदल्या रात्रीचे उरलेले सगळे लसूण आणि तेलात परतून खातात आणि त्याला इथले लोक 'जुने कपडे' म्हणतात. आमची फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात ज्या वृत्तीने होतो, तीच ही वृत्ती. मी मात्र बाकल्यावचे दोन दिवस पाणी बदलत भिजवलेले, न शिजवलेले बारीक तुकडे बाजूला काढून ठेवले होते. ते चिंध्यांसारखे सोडवले, तव्यावर कडेने कुरकुरीत होईपर्यंत भाजले आणि नारळ, कांदा व घरून आणलेल्या आमसुलाबरोबर कालवले. सासऱ्यांनी न विचारता वर कोथिंबीर पेरली आणि बुधलीतून तेलाची धार सोडली. ते मी सहन केले. मग माई उठल्या, खलबत्त्यात भाजलेले शेंगदाणे कुटून आणले आणि मूठभर कूट माझ्या किसमुरीवर पसरले. मोझांबिकमध्ये मातापा नावाची एक भाजी करतात. कसाव्याची कोवळी पाने कुटून शेंगदाण्याचे कूट, नारळाचे दूध आणि कोळंबी किंवा खेकडे यांच्याबरोबर ती शिजवतात. ज्यांचे बालपण त्या भाजीवर गेले आहे, त्यांना नारळ आणि मासे एकत्र दिसल्यावर दाणे आठवणे अगदी स्वाभाविक होते. मला मात्र रडू आले.

त्याचे कारण माझ्या माहेरचे आहे. आई वेंगुर्ल्याची आणि वडील साताऱ्याचे. वडिलांच्या घरी कूट भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत, खिचडीत, सगळीकडे असे, आणि लग्न होऊन आलेल्या आईने एकच हद्द आखली होती: माशाला कूट लागणार नाही. घाटावरच्या लोकांना नारळ परवडत नाही म्हणून ते दाणे घालतात, हे तिचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आणि वडील ते ऐकून न ऐकल्यासारखे करून आपल्या वाटीत कूट घालून घेत. ती हद्द समुद्रापार एका गोमंतकीय कॅथलिक बाईने दोन मिनिटांत पुसली होती. त्या दुपारी मी जेवले नाही. पुढच्या वर्षी थोडे खाल्ले. तिसऱ्या वर्षी दाणे मीच भाजले, पण ते माईंना बरे वाटावे म्हणून, असे मी नवऱ्याला सांगितल्याचे आठवते.

2018 मध्ये आईवडील इथे आले तेव्हा मी किसमूर मुद्दाम केली नाही. माईंनीच केली. वडिलांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिले, म्हणाले, "ह्यात कूट आहे," आणि पुढे काहीही न बोलता दोनदा वाढून घेतले. आईने चव घेतली आणि विचारले, "लसूण कशाला?" कुटाचा उल्लेख तिने आजतागायत केलेला नाही.

त्यानंतर ती नारळ मात्र पाठवू लागली. डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात प्रवाशांना ताजी फळे, भाज्या किंवा पाने अधिकृत प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत, त्यामुळे कढीपत्त्याची जुडी सामानातून येणे बंद झाले. नियमाला पाच फळांचा अपवाद आहे: अननस, केळे, खजूर, ड्युरियन आणि नारळ. हा अपवाद करणारा अधिकारी कोण असेल, त्याचे भले होवो. वेंगुर्ल्याचे सोललेले नारळ साड्यांमध्ये गुंडाळून येतात आणि त्या वर्षीच्या किसमुरीला लिस्बनमधल्या मार्तिं मोनीझ या चौकातल्या दुकानातले गोठवलेले खोबरे लागत नाही.

आमच्याकडे जेवायला येणारे एक स्नेही दर वेळी म्हणतात की हा तर आमचाच बाकल्याव, फक्त भारतीय मसाले घातलेला. मी दर वेळी सांगते की किसमुरीत मसाला नसतो, तिखट असते, आणि मिरची भारतात तुमच्याच जहाजांनी आणली. त्यांच्याकडे कच्चा बाकल्याव चिंधून कांदा, तेल आणि व्हिनेगरमध्ये कालवलेला एक पदार्थ आहेच, ज्याचे नाव सभ्य मराठीत सांगता येणार नाही. नवऱ्याने त्याचा अर्थ मला लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितला. उलट बाजूने पुण्यातल्या मावशीला वाटते की मी आपले जेवण विसरले. तिच्या माहितीसाठी सांगते की चतुर्थीला आमच्याकडे उकडीचेच मोदक होतात, त्यात ऑलिव्हचे तेल नसते आणि त्या दिवशी घरात मासे शिजत नाहीत. एवढा खुलासा मी का करते आहे, हे मला माहीत नाही. मावशीने तरी कुठे विचारले आहे.

शाळेच्या दिवशी मी बिनकुटाची किसमूर डब्यात भरून दिली. शंकेला जागा नको म्हणून खलबत्ताच नव्हे, तर सुरी, पाट आणि तवाही आदल्या रात्री घासून घेतला. संध्याकाळी माई मुलीला आणायला गेल्या आणि येताना डब्याशेजारी ठेवलेली चिठ्ठी घेऊन आल्या. मी रिकामा ठेवलेला रकाना कुणीतरी सुवाच्य अक्षरात भरला होता: भारत. माई दारातूनच म्हणाल्या, "माझा बाकल्याव इंडियाचा कधीपासून झाला?" मला ते लागले. कांदा कोण चिरते, आमसूल कुणाच्या माहेरचे, नारळ कुणाची आई पाठवते, हे सगळे मी एका दमात बोलून गेले. त्या म्हणाल्या, मग बाकल्याव कोण भिजवते, दोन रात्री उठून पाणी कोण बदलते. सासऱ्यांनी कोथिंबिरीचा विषय काढला आणि आम्ही दोघींनी त्यांना गप्प केले.

डब्यात निम्मी किसमूर शिल्लक होती. मुलगी म्हणाली, मुलांनी खाल्ली पण बेतानेच, आणि तिला स्वतःलाही ती कशीतरीच लागली. तेव्हा माईंनी आपल्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली छोटी बरणी काढली, म्हणजे त्या घरून निघतानाच कूट घेऊन निघाल्या होत्या. मी काही न बोलता नवा कांदा चिरायला घेतला, कारण सकाळच्या कांद्याला एव्हाना पाणी सुटले होते.