एकत्र बसायची जागा

१८ जून, पणजी

आज गोव्याचा क्रांतिदिन. मडगावला लोहिया मैदानावर जायचं ठरवलं होतं, पण सकाळपासून पावसाने झोडपून काढलं. दुपारी जरा उघाडी मिळाली तशी पायीच मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जाऊन आले.

दारातून आत शिरलं की भिंतीवर निळे आझुलेज, म्हणजे चित्रं रंगवलेल्या चकचकीत फरशा. १९३५ सालचे, जोर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या हातचे. पोर्तोच्या साओ बेंतो रेल्वे स्थानकातली फरशांवरची चित्रंही त्याचीच. इथला विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातला. आज मी चित्रांपेक्षा फरशांचे सांधेच बघत राहिले. एक अख्खा चेहरा चार फरशांवर वाटलेला, आणि तरी डोळ्याला डोळा बरोबर जुळलेला. ज्याने त्या बसवल्या त्या गवंड्याचं नाव कुठे लिहिलेलं दिसलं नाही. असायला हवं होतं.

संस्था १८७१ची. तेव्हा नाव होतं इन्स्तितुतो वास्को द गामा. शिकलेल्या माणसांनी जमायचं, साहित्यावर, शास्त्रावर बोलायचं, यासाठी ती काढली. १९६३ साली लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं नाव दिलं. १९३० साली गोव्याच्या कौन्सिलात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडणारे ते. इमारत मात्र त्याहून जुनी, १८३२च्या लष्करी बराकीचा एक भाग. त्याच लांबलचक इमारतीत आजही पोलीस मुख्यालय आहे. विचारांची जागा आणि पहाऱ्याची जागा एकाच छपराखाली, हे आज फार जाणवलं.

कारण ज्या वर्षी हे आझुलेज लागले, त्याच १९३५मध्ये पोर्तुगालात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने गुप्त संघटनांवर बंदीचा कायदा केला. संघटनेने मागितल्याबरोबर आपली नियमावली आणि सभासदांची यादी सरकारला द्यायची. रोख मुख्यतः फ्रीमेसनांवर, म्हणजे बंद दाराआड सभा भरवणाऱ्या एका बंधुसंघटनेवर होता. लिस्बनमधला त्यांचा वाडा सरकारने काढून घेतला. ती राजवट उलथवणाऱ्या १९७४च्या क्रांतीनंतर तो त्यांना परत मिळाला. चाळीसेक वर्षं दुसऱ्याच्या ताब्यात गेलेल्या त्या दालनांचा विचार करताना मला वाटतं, हुकूमशाहीला भाषणापेक्षा बैठकीचं भय जास्त. भाषण देणारा एकटा पकडता येतो. रोज संध्याकाळी त्याच बाकांवर बसणाऱ्या वीस माणसांचं काय करणार?

घरी आल्यावर आजीची पत्र्याची पेटी उघडली. तिची लग्नपत्रिका हवी होती. पिवळा पडलेला जाड कागद, वर गणपती, मराठी मजकूर, आणि खालच्या कोपऱ्यात तिरका उमटलेला सेन्सॉरचा शिक्का. लग्नाला या, एवढं सांगायलाही परवानगी लागायची! शिक्क्याची शाई आमंत्रकांच्या नावावर चढली आहे. बोट फिरवलं तर अजून थोडा खड्डा लागतो. १९४६ला याच तारखेला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, ते याच बंदीविरुद्ध. माणसांनी जमू नये, या हुकुमाविरुद्ध.

म्हणूनच आमच्या गावच्या वाचनालयाच्या खोलीसाठी जीव तुटतो. १९१०ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. त्यानंतर गावोगाव मराठी शाळा, वाचनालयं, समाज उभे राहिले. आमची खोली त्याच लाटेतली. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, खिडक्यांना शिंपल्यांच्या चकत्या. त्यातून येणारा उजेड दुधासारखा, वाचताना डोळ्यांना लागत नाही. दोन्ही बाजूंना भिंतीतूनच काढलेले सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. आजोबांची जागा दाराजवळची. तिथला चिरा बसून बसून गुळगुळीत झाला आहे, मधोमध किंचित खोलगट. वर्तमानपत्र एकच यायचं, म्हणून एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मग वाद. जेवणाची वेळ टळली की आजी मुलाला हाक मारायला पाठवायची.

आता ती पाडून स्लॅबचा हॉल बांधायचं घाटतंय. खाली दुकानं, वर लग्नासाठी जागा. समितीतल्या माणसांचा राग नाही मला. कौलं फोडणारी माकडं आणि दर पावसाळ्यातली गळती त्यांनीच निस्तरली आहे. पण नवे वासे, नव्या रिपा घातल्या तर ती खोली अजून खूप वर्षं उभी राहील. चिऱ्याला काही झालेलं नाही. शिंपल्यांच्या चकत्या बसवणारा सुतार मात्र आता शोधावा लागेल, आणि तो शोधायची जबाबदारी मी घेते.

रात्री काकांना फोन केला. रविवारी समितीची बैठक आहे. म्हटलं, मला दहा मिनिटं बोलू द्या, पत्रिकाही घेऊन येते.

"ये गो बाय," ते म्हणाले, "पण बैठक देवळाच्या अग्रशाळेत आहे. वाचनालयात नाही."

मी म्हटलं, "काका, बैठक वाचनालयातच घ्या ना. मी सकाळी लवकर येऊन झाडून ठेवते."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "किल्ली माझ्याकडेच आहे."