३२ बाइटच्या आत

जर्मनीतल्या ज्या कंपनीत मी सेन्सरचे फर्मवेअर (उपकरणाच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम) लिहिते, तिथे अधूनमधून एक दिवस नेहमीचे काम बाजूला ठेवून एकमेकांकडून काही शिकण्यासाठी राखलेला असतो. यंदा हा दिवस ईस्टरच्या सुट्टीनंतर लगेच आला. माझे एक ज्येष्ठ सहकारी नुकतेच झारब्रुकनहून परतले होते. तिथे २०११ पासून दर ईस्टरला ‘रिव्हिजन’ हा डेमोसीनचा, म्हणजे डेमो लिहिणाऱ्यांच्या जगाचा, मेळावा भरतो आणि ते त्याला नेमाने जातात. मला डेमो लिहायला शिकायचे आहे, असे मी त्यांना पूर्वीच सांगून ठेवले होते, म्हणून तो पूर्ण दिवस त्यांनी माझ्यासाठी मोकळा ठेवला.

डेमो म्हणजे चित्र, हालचाल आणि संगीत प्रत्यक्ष चालताना तयार करणारा प्रोग्रॅम. १९८० च्या दशकात कमोडोर ६४ आणि अमिगा या संगणकांवरच्या खेळांचे कुलूप तोडणारी मुले खेळाच्या आधी आपल्या नावाची एक छोटी चलत्-जाहिरात जोडत असत आणि त्यातून ही कला वेगळी झाली. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये तिला आपापल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मेळाव्यांतल्या काही स्पर्धांत फाइलच्या आकारावर मर्यादा असते: ६४ किलोबाइट, ४ किलोबाइट, २५६ बाइट, आणि त्याहूनही कमी. नवशिक्याने मोठे ग्राफिक्स इंजिन लिहिण्याच्या मागे न लागता सर्वांत लहान गटापासून सुरुवात करावी, असे सहकाऱ्यांचे ठाम मत होते आणि आता ते माझेही झाले आहे. इतक्या छोट्या प्रोग्रॅममधली प्रत्येक सूचना एका बैठकीत समजून घेता येते आणि दुसऱ्या कोणाच्या लायब्ररीवर विसंबावे लागत नाही.

त्यांनी मला डॉसबॉक्स (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि एक असेंबलर (असेंबली भाषेतल्या सूचना यंत्रभाषेत बदलणारे साधन) एवढेच दिले. ३२० गुणिले २०० ठिपक्यांच्या, २५६ रंगांच्या जुन्या व्हीजीए पडद्यावर प्रत्येक ठिपक्याचा स्तंभ आणि ओळ यांचा एक्स-ऑर (दोन संख्यांचे बिट जिथे वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ० देणारी क्रिया) काढायचा, तोच रंगाचा क्रमांक मानायचा, आकृती हलती ठेवायची आणि एस्केप दाबल्यावर बाहेर पडायचे. सांगलीला अभियांत्रिकी शिकताना मायक्रोप्रोसेसरच्या प्रात्यक्षिकांत ८०८६ या प्रोसेसरच्या सूचना हाताळलेल्या असल्यामुळे असेंबलीची भीती नव्हती. माझी पहिली, सरळ मार्गाने लिहिलेली आवृत्ती ४४ बाइटची झाली आणि पडद्यावर रंगीत चौकोनांत चौकोन सरकू लागले.

यानंतर सहकाऱ्यांनी एकही ओळ स्वतः लिहिली नाही. ते फक्त प्रश्न विचारत राहिले. प्रोग्रॅम सुरू होतो त्या क्षणी रजिस्टरांमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवण-जागांमध्ये, काय असते? डॉसमध्ये कॉम फाइल (डॉसचा सर्वांत साधा प्रोग्रॅम-प्रकार) सुरू होताना एएक्स आणि बीएक्स या रजिस्टरांत सहसा शून्यच असते, तेव्हा ग्राफिक्स मोडचा क्रमांक एएक्सच्या केवळ खालच्या अर्ध्या भागात भरला की पुरते आणि बीएक्स शून्य करण्याची सूचना गळते. ठिपक्याचा क्रमांक मोजणाऱ्या डीआय रजिस्टरमध्ये शून्य नसते, तरी ते ६५५३५ च्या पुढे गेले की आपोआप शून्यावर येते, म्हणून तेही शून्य करण्याची सूचना गेली. बाहेर पडण्यासाठी डॉसला रीतसर हाक मारायला माझे पाच बाइट लागत होते. पण कॉम प्रोग्रॅमच्या स्टॅकवर (तात्पुरती मूल्ये रचून ठेवण्याच्या मेमरीतल्या जागेवर) आधीच एक शून्य ठेवलेले असते आणि प्रोग्रॅमच्या सेगमेंटच्या (मेमरीतल्या त्याच्या भागाच्या) शून्याव्या पत्त्यावर प्रोग्रॅम संपवणारी सूचना असते, त्यामुळे स्टॅकवरच्या पत्त्यावर परतणारी, एका बाइटची ‘रेट’ सूचना तेच काम करते. स्क्रीनच्या मेमरीचा पत्ता स्टॅकमार्गे ईएस या रजिस्टरमध्ये नेल्यावर आणखी एक बाइट सुटला.

सर्वांत जास्त वेळ मी भागाकारापाशी थांबले. ठिपक्याच्या क्रमांकाला ३२० ने भागले की ओळ आणि स्तंभ मिळतात, हे उघड आहे. परंतु डेमो लिहिणारे भागत नाहीत, ते ५२४२९ ने गुणतात. दोनाचा चोविसावा घात भागिले ३२० म्हणजे ५२४२८.८, आणि ५२४२९ हा त्याच्या लगतचा पूर्णांक. त्यामुळे ३२ बिटी गुणाकाराच्या सर्वांत वरच्या बाइटमध्ये ओळीचा क्रमांक येतो आणि त्याखालच्या बाइटमध्ये ओळीतले स्थान ० ते २५५ या मापात येते. म्हणजे रुंदीचे ३२० ठिपके आपोआप एका बाइटमध्ये मावतात आणि एक्स-ऑरला नेमके तेच हवे असते. हे मी कागदावर मांडून पडताळले, तेव्हा झालेला आनंद रोजच्या कामात क्वचितच वाट्याला येतो. नऊ बाइटच्या जागी सहा लागले आणि एकूण लांबी ३१ वर आली.

इथे एक गोष्ट स्पष्ट नोंदवायला हवी. आरंभीच्या रजिस्टरमूल्यांवर असे विसंबणे डेमोमध्ये शोभते. ग्राहकाला द्यायच्या फर्मवेअरमध्ये मी ते कधीही करणार नाही, कारण तिथे कागदोपत्री हमी असलेल्या वर्तनावरच विश्वास ठेवावा लागतो. मात्र यंत्र आपल्याला हातात काय देऊन सुरू होते, हा प्रश्न तिथेही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि बूटलोडर (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम) तपासताना मी आता तो सर्वांत आधी विचारते. ज्यांना असेंबली जड वाटते त्यांनी टिक-८० हा काल्पनिक कन्सोल (प्रत्यक्ष यंत्र नसलेला, सॉफ्टवेअररूपातला छोटा खेळ-संगणक) घ्यावा; त्यात लुआ भाषेत लिहिलेले एक फंक्शन सेकंदाला ६० वेळा चालते आणि पहिले चित्र काही ओळींतच दिसते.

स्पर्धांत ३२ बाइटचाही गट असतो, तेव्हा माझ्याकडे एक बाइट शिल्लक होता. संगणक जितका वेगवान तितकी आकृती जलद सरकत होती आणि ते मला खटकत होते. सहकाऱ्यांनी विचारले की प्रोसेसरला थांबवणारी सूचना किती लांबीची असते. ‘हॉल्ट’ एकाच बाइटची आहे. पूर्ण पडदा रंगवून झाल्यावर ती घातली की प्रोसेसर पुढच्या इंटरप्टपर्यंत (हार्डवेअरकडून येणाऱ्या इशाऱ्यापर्यंत) थांबतो, आणि टायमरचा इंटरप्ट सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येतो. ती ओळ मी घातली, पुन्हा असेंबल केले, आणि डॉसबॉक्सची गती वाढवून पाहिली तरी चौकोन त्याच चालीने सरकत राहिले. फाइल बरोबर ३२ बाइटची होती.