तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरला हा रिमोट कशाला?

"घरी प्लेस्टेशन नाही, एक्सबॉक्स नाही, मग त्यांचे रिमोट कॉम्प्युटरला लावून काय मिळतं तुम्हाला? सरळ प्लेस्टेशनच घेऊन टाका ना!"

हे दाजी विचारतात. गल्लीतली पोरं विचारतात. जिनिंगवर काट्यापाशी बसणारे तात्या विचारतात. बायको विचारत नाही, फक्त ड्रॉवर जरा जोरात बंद करते. त्या ड्रॉवरमध्ये आजघडीला चार रिमोट आहेत. हे टीव्हीचे रिमोट नव्हेत, प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारख्या कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांचे. त्यांना कंट्रोलर म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण अमळनेरात कंट्रोलर म्हटलं की माणूस एसटी स्टँडकडे बघतो. म्हणून रिमोट.

आजवर मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. दाजींना सांगितलं, पैसे वाचतात. हे उत्तर बरं असतं, ते ऐकून कोणी पुढे विचारत नाही. पण मी पोटासाठी टॅली चालवतो, स्वतःचा हिशेब मला येतो. चार रिमोट, दोन अडॅप्टर, एक रिसीव्हर, मधे एकदा बदललेल्या काड्या, म्हणजे रिमोटवरच्या अंगठ्याने कलवायच्या दांड्या. सगळं मिळून एखादं जुनं प्लेस्टेशन कधीच आलं असतं. हे तुम्हाला म्हणून सांगतोय, दाजींपर्यंत जाऊ देऊ नका.

तात्यांना दुसरं उत्तर दिलं. दसऱ्यापासून कापूस यायला लागला की माझा दिवस कीबोर्डवर जातो. गाडीचं वजन, भाव, उचल, बाकी. उजव्या हाताची बोटं आकड्यांच्या खणातून बाहेरच येत नाहीत. रात्री घरी येऊन पुन्हा त्याच पट्टीवर हात ठेवायचे आणि त्याला करमणूक म्हणायचं? तात्यांना हे पटलं. ते म्हणाले, "मग झोपत का नाही?" तात्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पोरांना दिलेलं उत्तर मला स्वतःला सगळ्यात आवडतं. कीबोर्डचं बटण फक्त हो किंवा नाही म्हणतं. रिमोटच्या काडीला 'किती' कळतं. गाडीच्या खेळात कीबोर्डवर डावीकडचा बाण दाबला की चाकं पूर्ण डावीकडे, सोडला की सरळ. चाळीसगावहून कन्नडचा घाट अशा स्टिअरिंगने चढून दाखवा, मग बोलू. काडी मात्र गव्हाएवढी कलली तर गाडीही तेवढीच कलते. मागच्या ट्रिगरचंही तसंच, ॲक्सिलरेटर पाव दाबता येतो, अर्धा दाबता येतो.

पोरं यावर लगेच बंदुकांचे खेळ काढतात, आणि तिथे मी हरतो. नेम धरायला माउससारखं दुसरं काही नाही. रिमोटवाल्याचा नेम लागावा म्हणून खेळालाच आतून हात द्यावा लागतो, आणि त्यावरून माउसवाले आम्हाला फुकटे म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही. मोठमोठ्या फौजा हलवण्याच्या खेळात तर रिमोट म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. हे सगळं कबूल. मी कुठे म्हणालो की रिमोट चांगला आहे? तुम्ही विचारलंत की मी का वापरतो.

त्यात हे प्रकरण सरळही नाही. कन्सोलला त्याचा रिमोट जोडला की तो चालतो. कॉम्प्युटरला जोडला की आधी भाषेचा प्रश्न येतो. विंडोजमध्ये जुनी पद्धत डायरेक्टइनपुटची. तिच्यात बटणांना नुसते नंबर, कुठला नंबर उडी मारायचा आणि कुठला गोळी झाडायचा हे आपण बसून ठरवायचं. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच्यासोबत एक्सइनपुट आलं. त्यात प्रत्येक बटणाची जागा पक्की आणि एका वेळी रिमोट जास्तीत जास्त चार. पुढच्या बहुतेक खेळांना हीच भाषा कळू लागली. मग सोनीचा रिमोट घेऊन बसलेल्या माझ्यासारख्याने काय करायचं? तर सोंग आणायचं. ड्युअलशॉक ४ ला, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ च्या रिमोटला, एक्सबॉक्सचा रिमोट म्हणून उभं करणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. पण कधी कधी खेळाला सोंगही दिसतं आणि सोंगामागचा माणूसही. एकदा दाबलं की दोनदा मोजतं, मेनूमध्ये एक ओळ सोडून उडी पडते. मग मागच्या माणसाला लपवायची खटपट. पडद्यावर 'ए दाबा' आणि हातात फुली, गोळा, चौकोन, त्रिकोण. २०१६ च्या अखेरीस स्टीमने, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळ जिथून घेतात त्या ऑनलाइन दुकानाने, ड्युअलशॉक ४ थेट ओळखायला सुरुवात केली आणि माझं निम्मं शहाणपण एका अपडेटमध्ये बिनकामाचं झालं. खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईटच वाटलं.

माझी सुरुवात त्याच्याही आधीची. स्टेशन रोडला एका गेम पार्लरमध्ये प्लेस्टेशन २ होतं, तासाला वीस रुपये. घरी मागितलं तर आबा म्हणाले, खेळणं मिळणार नाही, कॉम्प्युटर मिळेल, त्यावर अभ्यास होतो. कॉम्प्युटर आला. मी त्याला दोन तोंडांचा अडॅप्टर आणि पार्लरवाल्याचा एक झिजलेला रिमोट लावला. एका कामासाठी आणलेली वस्तू दुसऱ्याच कामाला लावण्याबद्दल अमळनेरच्या माणसाने तरी मला बोलू नये. १९४५ साली विप्रो इथे सुरू झाली ती वनस्पती तुपासाठी, कॉम्प्युटर नंतर.

आता २०१० ची आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि माझी आधीची सगळी उत्तरं हे सांगावं लागू नये म्हणूनच होती की काय, अशी मला शंका आहे.

मी एकवीसचा, धाकला अकराचा. सायबर कॅफेत लोकांचे फॉर्म भरून देत मी पैसे साठवले आणि आखाजीच्या आदल्या दिवशी पॅसेंजरने जळगावला जाऊन एक्सबॉक्स ३६० चा रिमोट आणला. पांढरा, बिनवायरचा, वापरलेला, बिनखोक्याचा. सोबत एक केबल. एक टोक रिमोटमध्ये, दुसरं यूएसबीत. दुकानदार म्हणाला, "केबल लावायची, खेळायचं." दुकानाचं नाव घेत नाही. त्याला तरी ठाऊक होतं की नाही देव जाणे.

संध्याकाळी दारच्या निंबाला झोका बांधला होता. मामाच्या, काकांच्या पोरी माहेरी आलेल्या, गाणी चाललेली. धाकल्याला रिमोट सगळ्यांना दाखवायचा होता. तो रिमोट मांडीवर घेऊन झोक्यावर बसला आणि उंच झोक्यावरून रिमोट खाली पडला. उजव्या कोपऱ्यावर नखाएवढा ओरखडा. तो पळत घेऊन आला, मला दाखवला, रडवेला झाला. मी म्हणालो, काही नाही झालं. तेव्हा खरंच राग आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घागर भरून झाली, पुरणपोळी आणि रस झाला. माणसं वट्ट्यावर पत्ते घेऊन बसली. आखाजीला आमच्याकडे भले भले लोक दिवसाढवळ्या पत्ते कुटतात, पैसे लावून कुटतात, आणि त्यांना कोणी 'का' म्हणून विचारत नाही. असो. दुपारी लोडशेडिंग संपून लाइट आली. माझे चार मित्र कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीने बसले. बाहेर ऊन फणफणत होतं, कूलरमध्ये पाणी नव्हतं. मी केबल लावली. कॉम्प्युटरने 'टुंग' केलं. रिमोटच्या मधल्या बटणाभोवतीचे हिरवे दिवे लुकलुकले, आणि लुकलुकतच राहिले. खेळ उघडला, काहीच हलेना. केबल काढली, दुसऱ्या भोकात लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एक मित्र म्हणाला, "भो, फसवलं तुला." दुसरा हसला.

मी फसलो हे मला चालणार नव्हतं. म्हणून दुसरं कारण शोधलं, आणि ते दारातच उभं होतं.

दोन थपडा मारल्या. सगळ्यांसमोर. "मी नही तोडं, दादा," तो म्हणाला. मी म्हणालो, झोक्यावरून कोणी पाडला मग? तो पुन्हा म्हणाला, "नही तोडं." आबा पत्ते टाकून आत आले, "काय व्हयनं? पोऱ्याले काब्र मारं?" मी सांगितलं, याने रिमोट तोडला. आबांनी धाकल्याकडे बघितलं. आणि तेव्हा त्या पोराने मान हलवली. हो, तोडला म्हणून. प्रकरण मिटावं म्हणून असेल, किंवा माझी लाज झाकायला असेल. अकरा वर्षांच्या पोराला एवढं कळतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर तो माझ्या कॉम्प्युटरजवळ फिरकला नाही. म्हणजे भांडण असं नाही. एका ताटात जेवायचो, एका गाडीवर फिरायचो. फक्त मी खेळायला बसलो की तो उठून जायचा.

आता ऐका. बिनवायरचा एक्सबॉक्स ३६० चा रिमोट त्याच्या स्वतःच्या रेडिओवर बोलतो. ब्लूटूथवर नाही, आणि केबलवर तर नाहीच. त्या केबलमधून फक्त चार्जिंग जातं. बटणाचं एकही अक्षर तिच्यातून जात नाही. कन्सोलमध्ये रेडिओ आतच असतो, म्हणून तिथे केबल लावून खेळणाऱ्याला वाटतं की केबलनेच चालतंय. कॉम्प्युटरला वेगळा रिसीव्हर लागतो. कंपनीने यात काही लपवलेलं नाही, मला ठाऊक नव्हतं, एवढंच. दिवे लुकलुकत होते ते कन्सोलला शोधत होते. रिमोट ठणठणीत होता.

हे मला दोन वर्षांनी कळलं. एक स्वस्तातला नकली रिसीव्हर मागवला. विंडोज त्याला आपणहून ओळखेना, ड्रायव्हर हाताने निवडून द्यावा लागला. मग माळ्यावरचा तो पांढरा रिमोट काढून मधलं बटण दाबलं, आणि रिसीव्हरवरचं नि रिमोटवरचं जोडणीचं बारकं बटणही. लुकलुकणं थांबलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातला एकच हिरवा दिवा स्थिर झाला. पहिला खेळाडू. मी रात्री दोन वाजेपर्यंत खेळलो. ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी होती तिच्यात मजा आली, हेही लिहून टाकतो.

एकवीस वर्षांचा मी यावर म्हणेल, दुकानदार खोटं बोलला, रिमोट खरंच पडला होता, दुसरं कोणीही हेच समजलं असतं. त्याला मी विचारतो, अरे, वेगळ्या रिसीव्हरचं जाऊ दे, कोणाला विचारलंस तरी का? तो म्हणतो, विचारायचं कोणाला, २०१० साली अमळनेरात? मला उत्तर सुचत नाही. मग तो म्हणतो, आणि तुला २०१२ मध्ये कळलं ना, तू काय केलंस? इथे बोलणं थांबतं.

तर तुमचा प्रश्न. प्लेस्टेशन का नाही घेत? कारण ते जोडलं की चालतं. कुठल्या वायरमधून काय जातं हे कळायची गरज पडत नाही. मला गरज पडते. नवा रिमोट आला की खेळायच्या आधी मी विंडोजची ती छोटी खिडकी उघडतो, एकेक बटण दाबतो, काडी गोल फिरवून ते बारकं अधिकचं चिन्ह कोपऱ्यापर्यंत जातं का बघतो, आणि काडी सोडल्यावर मधोमध परत येतं का तेही. बायको म्हणते, हे सगळं तू छंदाला मागून चिकटवलेलं कारण आहे, आखाजीचं काही झालं नसतं तरी तू हेच केलं असतंस. असेलही. तिला थपडांचं अजून सांगितलेलं नाही, नुसतं रिमोट बिघडल्याचं सांगितलंय.

धाकला आता पुण्यात असतो, माझ्यापेक्षा चांगलं कमावतो. या आखाजीला आला होता. दाजींनी जेवताना नेहमीचा प्रश्न काढला तर तो म्हणाला, "दादा, प्लेस्टेशन मी घेऊन देतो, सोड ना हे." मी म्हणालो, "लाइट जाते रे." या उत्तराला काही अर्थ नव्हता, कॉम्प्युटरही लाइटवरच चालतो.

दुपारी तो माझ्या खोलीत आला. ड्रॉवर उघडून पांढरा रिमोट काढला, उलटापालटा केला. कोपऱ्यावरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"हा तोच ना? मी तोडलेला?"

"तोच."

त्याने मधलं बटण दाबलं. हिरवे दिवे लुकलुकायला लागले. रिसीव्हर त्याच ड्रॉवरमध्ये, रुमालाखाली होता.

"अरे, दिवे तर लागतात याचे," तो म्हणाला.

"दिवे तेव्हाही लागत होते," मी म्हणालो.